आधी झाडू, मग कीर्तन : संत गाडगेबाबा



परतवाड्याहून अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीचा पूल लागतो. कोणी दवाखान्यासाठी, कोणी मुलांच्या ॲडमिशनसाठी, आपण सर्वच या पुलावरून कितीतरी वेळा गेलो आहोत. २० डिसेंबर १९५६ रोजी आजारी गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असताना याच पेढीच्या काठी त्यांची प्राणज्योत मालवली. बाबांचे नाव आपण सर्व जाणतो. ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव आहे, अमरावतीच्या विद्यापीठालाही आहे. परंतु शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला का दिले गेले, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तो थोडा करू या.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. देबूजी लहान असतानाच दारूच्या व्यसनाने वडिलांचा बळी घेतला. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. तेथे देबूजींनी गुरे राखली, नांगर धरला, शेतात राब राब राबले. पुढे मामा सावकाराच्या कर्जात अडकले. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, अंगठा मात्र उठला होता. त्यात कसदार जमीन गेली. दारूने वडील नेले आणि निरक्षरतेने शेत नेले. आरोग्य आणि शिक्षण हे दोन वेगळे विषय नाहीत, हा धडा देबूजींना पुस्तकातून नव्हे, घरातूनच मिळाला.

मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे होते. देबूजींनी गोडाचे जेवण दिले. भाऊबंद रागावले, पण ते बधले नाहीत. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा वेष, हातात काठी, सोबत एक फुटके मडके. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

येथे त्यांची कामाची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. ते गावात आले की प्रथम झाडू हाती घेत. दिवसभर गल्ल्या, गटारे साफ करीत. लोक पाहत, हसत, मग हळूहळू हाताशी येत. रात्री त्याच गावात कीर्तन होई. मजुराला दिवसा सवड नसते, म्हणून रात्री. त्याला ग्रंथाची भाषा कळत नाही, म्हणून आपल्या वऱ्हाडी बोलीत. ते उपदेश कमी करीत आणि प्रश्न जास्त विचारीत. उत्तर समोरच्या शेतकऱ्याच्या तोंडूनच निघे. दारू सोडा, कर्ज काढून लग्न करू नका, देवाच्या नावाने बकरे कापू नका, शिवाशिव पाळू नका, हे विषय ठरलेले असत. मुलांना शाळेत घालण्यावर त्यांचा सर्वांत जास्त भर असे. त्यासाठी जेवणाची ताटे विकावी लागली तरी विका आणि भाकरी हातावर घेऊन खा, इथपर्यंत ते लोकांना सांगत.

पंढरपूरला ते जात, पण देवळात न जाता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. लाखोंच्या यात्रेत घाणीतून पटकीची साथ कशी पसरते, हे त्या काळी अनेक कुटुंबांनी सोसले होते. आपल्याकडे पूर्णेच्या काठी ऋणमोचनला त्यांनी लोकवर्गणीतून घाट बांधला. जिल्ह्यात नागरवाडीला त्यांच्या नावाने आजही काम चालते. पंढरपुरात ज्यांना कोणी आसरा देत नव्हते, अशा दलित वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. १९४९ साली ही इमारत त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती सोपवली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा बांधली, ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. उपचार फुकट मिळाला तरी खेड्यातला माणूस शहरात राहणार कुठे आणि चूल कुठे मांडणार, हा प्रश्न त्यांना सुचला. कारण ते स्वतः रस्त्यावर झोपलेले होते.

१९२३ साली त्यांचा एकुलता मुलगा गोविंद पिसाळलेला कुत्रा चावून गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. बातमी आली तरी कीर्तन त्यांनी थांबवले नाही. हे वाचून कोणाला ते कठोर वाटतील. मला मात्र वाटते की, वेळेवर माहिती आणि उपचार न मिळाल्याने मुले जाणारी इतर घरेही त्या रात्री त्यांच्या समोरच बसली होती.

बंधू-भगिनींनो, परतवाडा हे मेळघाटचे दार आहे. १९९३ साली तेथील बालमृत्यूंची बातमी सर्व देशात गेली. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. पण शिबिराची सूचना फलकावर लागते, ती वाचता येणाऱ्यासाठी. शिबिर सकाळी दहाला असते, ते ज्याची मजुरी बुडत नाही त्याच्यासाठी. माहिती मराठीत दिली जाते, आणि समोरची आई कोरकू बोलते. दार उघडे असूनही काही माणसे बाहेरच राहतात. मग आपण म्हणतो की लोक येतच नाहीत. हे मी स्वतःही म्हटले आहे. मिस्सानंतर सूचना वाचून दाखवली की माझे काम संपले, असे मला बरेच वेळा वाटले. गाडगेबाबांनी लोक येण्याची वाट पाहिली नाही. जो बाहेर राहिला, त्याच्या उकिरड्यापाशी जाऊन त्यांनी सुरुवात केली.

म्हणून एक विनंती. यापुढे लसीकरणाची, तपासणीची किंवा शिष्यवृत्तीची सूचना ऐकली की ती आपल्यापुरती ठेवू नये. आपल्या घरी भांडी घासणारी ताई, वीटभट्टीवरचे कुटुंब, वरच्या गावातून कामाला आलेले मजूर, यांपैकी एका घरी संध्याकाळी जाऊन ती त्यांना समजेल अशा भाषेत सांगावी. फॉर्म भरायचा असेल तर शेजारी बसून भरून द्यावा. दवाखान्यात जायचे असेल तर सोबत जावे. यासाठी पैसा लागत नाही. थोडा वेळ लागतो, आणि थोडे वाकावे लागते. झाडू हाती घेणाऱ्यालाही वाकावेच लागते.

आपला,
धर्मगुरू