आडनावाचं नाव करणारे लक्ष्मणराव

मैत्रिणींनो, आमच्या पिशोरकडच्या कुठल्याही मळ्यात जा. अद्रक असो, मका असो की कपाशी, विहिरीवरच्या पंपाची गोष्ट निघाली की एक नाव हमखास निघतं, किर्लोस्कर. हे नाव आपल्या इतकं तोंडात बसलंय, की ते कुणा माणसाचं आडनाव आहे हेच आपण विसरून गेलोय. पण या आडनावाचं नाव व्हायला एका माणसाचं अख्खं आयुष्य लागलं. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

आज त्यांच्याविषयीच का लिहावंसं वाटलं, ते आधी सांगते. मी बचत गटांचं काम करते. हल्ली आमच्या बैठकीत तरुण मुली 'ब्रँड' हा शब्द सहज वापरतात. आमच्यातल्या एका मुलीने शहरात राहून वेबसाईट बनवायचं शिक्षण घेतलं. आता ती घरी बसून दुकानांच्या जाहिराती करते, पत्रिका करते, कुणाची वेबसाईट करून देते. काम सगळं तिचं, पण तिचं नाव कुठेच नाही. मधला माणूस काम आणतो, पैसे देतो आणि काम स्वतःच्या नावावर खपवतो. आमच्या पापडाच्या गटाचंही तेच. लाटायचं आम्ही, वाळवायचं आम्ही आणि पिशवीवर नाव ठोक व्यापाऱ्याचं! त्या मुलीला म्हटलं, तुझं नाव लाव की. तर ती लाजली. स्वतःचं नाव पुढे करणं म्हणजे मिरवणं, असं तिला वाटतं. आपल्यापैकी बऱ्याच जणींना असंच वाटतं. म्हणून ही लक्ष्मणरावांची गोष्ट.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. मराठी संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. म्हणजे किर्लोस्कर हे नाव महाराष्ट्राला आधी नाटकामुळे ठाऊक झालं. लक्ष्मणरावांना मात्र दोन गोष्टींचं वेड होतं, चित्रं काढायचं आणि यंत्रं खोलून बघायचं. शाळेच्या अभ्यासात मन रमेना. वडिलांचा विरोध होता, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे दोन वर्षांत एक वाईट गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नव्हते! ज्याला चित्रकार व्हायचंय त्याला रंगांधळेपणा निघावा, यापेक्षा मोठा घाव कोणता? दुसरा कुणी गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी काय केलं? रंग सुटले, पण हातातली रेष तर पक्की होती. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रं काढायला घेतली. त्याच बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. यंत्रांची रेखाचित्रं शिकवायची आणि फावल्या वेळात तिथल्या कारखान्यात यंत्रांशी झटायचं, असा क्रम सुरू झाला.

नोकरी चालू असतानाच त्यांनी जोडधंदा शोधला. सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला पाठवायच्या, तिथे रामूअण्णांनी त्या विकायच्या. किर्लोस्कर उद्योगाचा प्रारंभ म्हणून १८८८ हे साल सांगतात, ते या सायकलींमुळे. यातही एक गंमत आहे बघा. नुसती सायकल विकून ते थांबले नाहीत, ती चालवायला शिकवायचीही सोय केली. ज्याला चालवताच येत नाही तो घेईल कशाला, हे त्यांनी ओळखलं होतं. आजच्या भाषेत याला मार्केटिंग म्हणतात. बेळगावात ज्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं तो रस्ता पुढे किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

मुंबईच्या नोकरीत मात्र त्यांच्या हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. तिथे सायकलींच्या जोडीला छोटा कारखाना घातला. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. इथे त्यांची खरी कसोटी लागली.

आपल्याकडे तोवर लाकडी नांगर. तो जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटीपालटी करतो, हरळीच्या मुळ्या वर काढतो. शेतकऱ्याच्या फायद्याचीच वस्तू, नाही का? पण घेणारं कुणी नव्हतं. लोखंड लागलं की जमिनीला विष चढतं, असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात! दोन वर्षं माल तयार, पण गिऱ्हाईक नाही. घरात बाईच्या मनावर त्या काळात काय ताण असेल, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई. त्यांचं नाव कितीजणींना ठाऊक आहे? पण घर चालत राहिलं म्हणूनच कारखाना चालत राहिला, असं मला तरी वाटतं.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून नावं ठेवली नाहीत. नांगरात सुधारणा करत राहिले आणि त्याला पटेपर्यंत धीर धरला. एका शेतात पीक चांगलं आलं की शेजारचा बांधावर येऊन विचारतोच. गावात नाव होतं ते असं, तोंडातोंडी. आणि एकदा का तोंडातोंडी नाव झालं, की ते पुसता येत नाही. विलायती मालच चांगला, अशी लोकांची ठाम समजूत असलेल्या त्या काळात त्यांनी स्वतःचं साधं मराठी आडनाव मालाला दिलं. माल वाईट निघाला असता तर आडनावच बुडालं असतं. स्वतःचं नाव लावायचं म्हणजे काय, तर उद्या तक्रार आली तर ती माझ्याच दारात येणार, हे कबूल करायचं. याला मिरवणं कसं म्हणायचं?

जरा बस्तान बसतंय तोच बेळगावची जागा सोडायची पाळी आली. नगरपालिकेला ती जागा वस्तीसाठी हवी होती. अशा अडचणीत धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. राजे स्वतः चित्रकार, त्यामुळे या रेखाचित्रं काढणाऱ्या माणसाची पारख त्यांना होती. लक्ष्मणरावांनी औंधच्या देवीच्या मंदिरापुढल्या सभामंडपाचं काम हाती घेतलं होतं. राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपयांचं कर्जही दिलं. जमीन कसली? निवडुंगाचं रान आणि सापांचं घर! १९१० मध्ये पंचवीसेक कामगार बायकापोरांसह तिथे जाऊन राहिले. त्या माळावर ज्या बायांनी पहिली चूल मांडली, त्यांनाही माझा नमस्कार. त्या रानाची किर्लोस्करवाडी झाली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनलाही तेच नाव आहे.

या वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. ज्यांचं नाव बद्दू झालं होतं त्यांच्या हाती कारखाना सोपवून झोपायचं, याला काळीज लागतं. माणसाला त्याचं गेलेलं नाव परत देणारा मालक मिळाला, तर तो जिवाला जीव देतो. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा लक्ष्मणरावांनी कोल्हापूर दरबाराकडच्या जुन्या तोफा घेऊन वितळवल्या आणि त्यांचे नांगर केले! तोफेचा नांगर झाला, यापेक्षा चांगलं काय होणार? पुढे भुईमूग फोडायचं यंत्र, उसाचा चरक, पंप असा एकेक माल त्या वाडीतून बाहेर पडत गेला.

आता आपल्या विषयाला अगदी जवळचा भाग सांगते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकार. कारखान्याच्या जाहिरातींचं काम त्यांच्याकडे आलं. जाहिराती काढताना त्यांच्या ध्यानात आलं, की नुसतं आमचा नांगर घ्या म्हणून लोक ऐकत नाहीत. लोकांना उपयोगाचं काहीतरी द्यावं लागतं. म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवातीला ते कारखान्याचं पत्रक होतं. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि महाराष्ट्रभर वाचलं जाऊ लागलं. मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. आपल्या आई-आजीच्या पिढीतल्या कितीतरी जणी 'स्त्री' वाचून शहाण्या झाल्या. आहे की नाही नवल? नांगर खपवायला निघालेलं पत्रक, त्याच घरातून बायकांचं हक्काचं मासिक निघालं. आज मुली मोबाईलवर आधी चार उपयोगाच्या गोष्टी सांगतात आणि मग आपलं काम दाखवतात, ते शंकररावांनी शंभर वर्षांपूर्वी कागदावर केलं होतं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. रंग ओळखता न येणाऱ्या चित्रकाराचं चित्र देशभर घरोघर गेलं!

मैत्रिणींनो, त्यांच्याकडे राजाची मदत होती, भावाचा आधार होता, पुरुष म्हणून मोकळीक होती. आपल्याकडे ते सगळं नाही, हे मान्य. तरी त्यांच्यापासून घेण्यासारखं बरंच आहे. एक, जे येत नाही त्यासाठी रडत न बसता जे येतं त्यावर उभं राहायचं. दोन, गिऱ्हाईक लगेच आलं नाही तर त्याला दोष न देता माल सुधारायचा आणि धीर धरायचा. तीन, आपलं नाव लावायचं आणि मग त्याला जपायचं.

आमच्या गटाने ठरवलंय, यंदाच्या उन्हाळ्यात पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव छापायचं. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, तिचा नंबर पाकिटावर टाकावा लागतो, ती कागदपत्रं आम्ही गोळा करतोय. पाकिटाचं चित्र ती वेबसाईटवाली मुलगीच करणार आहे. तिला मी एकच अट घातलीय. पाकिटाच्या मागच्या बाजूला, खाली बारीक अक्षरांत का होईना, चित्र कुणी केलं ते तिच्या स्वतःच्या नावासकट लिहायचं. अजून ती हो म्हणालेली नाही. पण मीही सोडणार नाही.

तुमच्याही घरात असं काहीतरी असेलच. कुणाची शिवण, कुणाचं लोणचं, कुणाची मेंदी, कुणाची शिकवणी. जे तुमच्या हातचं आहे त्यावर तुमचं नाव आहे का, एवढं आज जरूर बघा.