आंतरभारतीचे गुरुजी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी या वर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. मी काही लेखिका नव्हे. हळदीकुंकवाचा जमाखर्च मांडण्यापलीकडे माझ्या लेखणीची धाव नाही. पण मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मुलुंडच्या अंगणात जे घडले, त्यावरून मला साने गुरुजींची फार आठवण झाली. म्हणून हे चार शब्द.

घडले ते असे. आमच्या इमारतीत मराठी, गुजराती, कच्छी, तमिळ, मलयाळी अशी सगळी बिऱ्हाडे आहेत. मुले एकत्र खेळतात. एके दिवशी खेळताखेळता भाषेवरून तट पडले. शेजारच्या मामींचा नातू मराठी अडखळत बोलतो, त्याची सर्वांनी नक्कल केली. पोर आठ दिवस खाली उतरले नाही. नक्कल करणाऱ्यांत माझा नातू पुढे होता. मी त्याला रागावले, तर तो मलाच विचारू लागला की आजी, तुला तरी मामींची भाषा कुठे येते? मी गप्प झाले. मामींचा नि माझा बावीस वर्षांचा शेजार. दर दिवाळीला फराळाचे ताट जाते, पोंगलला त्यांच्याकडून गोड भात येतो. पण त्यांच्या भाषेतला एक शब्द मला येत नव्हता.

त्या रात्री मी गुरुजींचे चरित्र पुन्हा काढून वाचले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात संपत्ती जाऊन गरिबी आली होती. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. ती हुरहुर त्यांच्या मनातून कधी गेली नाही. ‘श्यामची आई’ आपण सर्वजणींनी वाचली आहे. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी काढलेला चित्रपटही घरातल्या थोरामोठ्यांनी पाहिला असेल. त्या पुस्तकात एका म्हाताऱ्या महारणीची गोष्ट आहे. तिची लाकडाची मोळी खाली पडते, आणि विटाळाच्या भयाने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते की जा, मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या माउलीला रूढी मोडवली नाही, पण माणुसकीही सोडवली नाही. तिच्या मुलाने पुढे काय केले, ते ओघाने येईलच.

अतिशय हालअपेष्टांत शिकून ते एम. ए. झाले आणि १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. पुढे तेथील वसतिगृहही त्यांच्याकडे आले. मुले बाहेर गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, कंदिलाच्या काचा पुशीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवीत. कोणाला ओरडणे नाही, छडी नाही. चार दिवसांत मुले आपण होऊन खोली आवरू लागत. मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत. आपण आया रोज हेच करतो, पण करताना तोंडाचा पट्टा चालू असतो! तेवढा फरक आहे.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली, तेव्हा नोकरी सोडून ते चळवळीत शिरले. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांना दूर मद्रास इलाख्यात त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठविण्यात आले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले हे एक मोठे वळण. तेथे दक्षिणेकडचे निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही होते. सर्वांचा देश एक, ध्येय एक, पण एकमेकांची बोली कळेना. आपण भारत भारत म्हणतो आणि आपल्याच भावांची भाषा आपल्याला येत नाही, ही गोष्ट गुरुजींना फार लागली. ते नुसते हळहळत बसले नाहीत. तुरुंगातच तमिळ शिकू लागले, आणि पुढे त्यांनी तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरळ’ मराठीत आणले.

त्यांचे तुरुंगवास असे कामी आले. १९३२ साली धुळ्याला विनोबांनी गीतेवर दर रविवारी प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरून घेतली. म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहेत. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. इस्लामी संस्कृतीवरही त्यांनी तितक्याच ममतेने लिहिले. शेजाऱ्याचा धर्म आणि शेजाऱ्याची भाषा आदराने समजून घ्यावी, ही त्यांची ओढ होती.

१९४१ साली एस. एम. जोशी प्रभृतींनी राष्ट्र सेवा दलाची उभारणी केली. सर्व जातिधर्मांची मुलेमुली तेथे एकत्र खेळत, गात, श्रमदान करीत. गुरुजी या मुलांचे दैवतच होते. आपल्या उपनगरातल्या, गोरेगावच्या मृणालताई गोरे याच सेवा दलाच्या. त्या कामासाठी त्यांनी डॉक्टरकीचे शिक्षण सोडले होते.

आता ती मोळीची गोष्ट. पंढरपूरच्या विठोबाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. ते उघडावे म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले. बरोबर सेवा दलाचे तरुण कलापथक गाणी म्हणत होते. १ मे १९४७ रोजी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. आरंभी खुद्द गांधीजींनाही ते पसंत नव्हते, पण गुरुजी ढळले नाहीत. १० मे रोजी उपोषण सुटले आणि विठोबाचे दार सर्वांना मोकळे झाले. आईने मोळी उचलायला सांगून वर आंघोळही सांगितली होती. मुलाने त्या आंघोळीची गरजच उरू दिली नाही.

पुढच्याच वर्षी गांधीजींची हत्या झाली. मारणारा महाराष्ट्रातला, म्हणून गुरुजींनी प्रायश्चित्त मानून एकवीस दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी मुंबईहून ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही पुण्याहून निघते.

१९४९ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. रवींद्रनाथांनी विश्वभारती उभारली. तर भारतातल्या प्रांतांनी आधी एकमेकांना ओळखावे, अशी ही कल्पना होती. निरनिराळ्या प्रांतांतील मुलांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा, गाणी, कला शिकाव्या. त्यासाठी ते पैसे जमवू लागले. पण ती संस्था त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले. वय अवघे पन्नास. हे लिहिताना हात अडतो, पण चरित्रात झाकपाक करू नये. जगाचे दुःख त्यांनी आपले मानले आणि ते सारे एकट्याने पोटात ठेवले. आपणही घराघरांतून असे पुष्कळ पोटात ठेवतो. तसे करू नये, कोणाजवळ तरी बोलावे, एवढेच मला यातून सांगावेसे वाटते. आपले मंडळ त्यासाठीही आहे.

त्यांची कल्पना मात्र गेली नाही. यदुनाथ थत्ते आदी साथींनी आंतरभारतीचे काम पुढे चालविले. बाबा आमटे यांनी १९८५ साली तरुण मुलांना घेऊन कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा काढली. २०२१ साली निवर्तलेले एस. एन. सुब्बाराव मुलांचे राष्ट्रीय मेळावे भरवीत, तेव्हा परप्रांतातून आलेली मुले गावातल्या घरोघरी उतरत. पाहुण्या मुलाला आपल्या ताटाशेजारी जेवायला बसविले की परकेपणा किती टिकणार? कोकणात माणगावजवळ वडघर येथे गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे, तेथेही मुलांची शिबिरे भरतात.

आम्हा साध्या बायकांना यात्रा काढणे जमायचे नाही. पण मी दुसऱ्या दिवशी मामींकडे गेले आणि मला तमिळ शिकवा म्हटले. त्यांना आधी थट्टाच वाटली. ओण्णु, रेंडु, मूणु असे दहापर्यंत आकडे मला आता येतात. ‘तमिळ’ या शब्दातले शेवटचे अक्षर आपल्या ‘ळ’सारखे नाही, ते म्हणताना माझी जीभ वळत नाही नि मामी पदराआड हसतात. माझी ती फजिती पाहायला त्यांचा नातू दाराशी येऊन उभा राहिला. मग त्यानेच मला शिकवायला घेतले, आणि त्याच्यामागे माझा नातू येऊन बसला.

आता दर गुरुवारी मंडळाच्या बालवर्गात एकेक मूल आपल्या घरच्या भाषेतले दहा शब्द नि एक अंगाईगीत इतरांना शिकवते. भांडणे थांबली असे मी म्हणणार नाही. मुले आहेत, भांडणारच. पण आता भांडण चेंडूवरून होते, भाषेवरून होत नाही.

भगिनींनो, मराठी आपली आई आहे. तिचा अभिमान गुरुजींइतका कोणाला असेल? पण शेजारणीच्या आईलाही नमस्कार करावा, हे त्यांनी आपल्याला शिकविले. गुरुवारी पाच वाजता आपापल्या मुलानातवंडांना अवश्य पाठवा, आणि जमल्यास तुम्हीही या. कच्छी शिकवायला अजून कोणी मिळालेले नाही.