पत्र्याच्या मोटारींना वीज देणारा फ्रेड फ्रान्सिस

अहिल्यानगर : लष्करी वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई ज्या शहरात आहे आणि एमआयडीसीमुळे साचा, डाय हे शब्द ज्याच्या कानांना परके नाहीत, त्या नगरच्या वाचकाला फ्रेड फ्रान्सिस हा माणूस ओळखीचा वाटावा. १९१९ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस हे मूळचे टूल-मेकर. १९४७ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ‘मिनिमॉडेल्स’ ही कंपनी काढली. १९५२ मध्ये त्यांनी ‘स्कॅलेक्स’ या नावाने स्प्रिंगवर धावणाऱ्या पत्र्याच्या छोट्या मोटारी बाजारात आणल्या. त्या हातोहात खपल्या; पण काही वर्षांतच विक्री मंदावली.

फ्रान्सिस यांनी उपाय शोधला तो विजेचा. रबराच्या ट्रॅकमध्ये एक खाच, खाचेलगत धातूच्या पट्ट्या आणि मोटारीच्या पोटाशी वीज उचलणारे चाक, अशी ती रचना होती. स्कॅलेक्स आणि इलेक्ट्रिक या दोन शब्दांतून ‘स्कॅलेक्स्ट्रिक’ हे नाव तयार झाले. जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात मॅसेराटी २५०एफ ही छोटी मोटार धावली आणि मागणीचा पूर आला.

हाच पूर त्यांना पेलवला नाही. पत्र्याचे प्रत्येक अंग ठोकून, वळवून, जोडून तयार होई. कामाचा वेग वाढेना. अखेर १९५८ मध्ये त्यांनी कंपनी लाइन्स ब्रदर्स या बड्या उद्योगाला विकली. नव्या मालकांनी पत्रा बाजूला सारून प्लास्टिकचे मोल्डिंग सुरू केले आणि १९६० पासून प्लास्टिकच्या मोटारी घराघरांत पोचल्या. ज्याने खेळ शोधला, त्याच्या हातून तो सुटल्यावर भरभराटीला आला, ही गोष्ट मनाला थोडी चुटपुट लावते.

पुढची उडी हौशी शर्यतपटूंची होती. मोल्डिंगची पोलादी डाय महाग. ती परवडायची तर हजारो नग विकले पाहिजेत. १९६० च्या दशकात, विशेषतः अमेरिकेत, शर्यतपटू ‘व्हॅक्यूम फॉर्मिंग’कडे वळले. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरील पारदर्शक फुगे साधारण अशाच तत्त्वावर तयार होतात. लाकडाचा किंवा प्लास्टरचा मोटारीचा आकार बारीक भोकांच्या फळीवर ठेवायचा, प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून तो मऊ पडून झोळ घेऊ लागला की त्यावर उतरवायचा आणि खालची हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवाच, दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त एक किलोच्या दाबाने, पत्रा आकाराला चिकटवते. घरची भट्टी आणि झाडलोटीचा व्हॅक्यूम क्लीनर एवढ्यावरही हे जमते. बारीक नक्षी मात्र त्यात नीट उठत नाही आणि आत वळलेल्या कडा असतील तर कवच साच्यातून सुटत नाही.

रंग आतून द्यायचा, म्हणजे धडक बसली तरी खरवडत नाही. शिवाय कवच इतके हलके, की मोटारीचे बहुतेक वजन खाली चासीत राहते आणि वळणावर ती सहसा उलटत नाही. पुढे पॉलिकार्बोनेट आले आणि कवचे चिवटही झाली.

लाइन्स ब्रदर्सचे १९७१ मध्ये दिवाळे निघाले. स्कॅलेक्स्ट्रिक मात्र टिकले. फ्रान्सिस १९९८ मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्र्याच्या मोटारी आज संग्राहक जपून ठेवतात; शर्यतीच्या ट्रॅकवर धावतात त्या पातळ प्लास्टिकच्या.