गास्तों फेब्यूस

गास्तों फेब्यूस (३० एप्रिल, १३३१ – १ ऑगस्ट, १३९१) हा आजच्या फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या फ्वा प्रांताचा काउंट आणि बेआर्नचा व्हायकाउंट होता. वंशावळीत त्याची नोंद गास्तों तिसरा अशी आहे. शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळात फ्रान्स आणि इंग्लंड या दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत सापडूनही त्याने आपले राज्य अखेरपर्यंत सांभाळले. तथापि आज त्याचे नाव टिकून आहे ते प्रामुख्याने 'लिव्र द शास' (शिकारीचे पुस्तक) या ग्रंथामुळे. कुशल शिकारी कसा घडतो आणि शिकारी कुत्र्यांचा उत्तम ताफा कशाला म्हणावे, याचे मध्ययुगीन युरोपातील सर्वांत तपशीलवार व अनुभवसिद्ध विवेचन या ग्रंथात आढळते.

बालपण व राज्यप्राप्ती

गास्तोंचा पिता गास्तों दुसरा हा स्पेनमधील अल्जेसिरासच्या वेढ्यात सहभागी झाला होता. त्याच मोहिमेत १३४३ साली त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी गास्तों अवघा बारा वर्षांचा होता. त्याच्या अज्ञानकाळात त्याची आई एलेओनोर द कोमांज हिने कारभार पाहिला.

वारशाने मिळालेले राज्य सलग नव्हते. पूर्वेला फ्वा आणि पश्चिमेला बेआर्न असे त्याचे दोन मुख्य तुकडे होते आणि मध्ये परक्यांची सत्ता होती. शिवाय फ्वासाठी तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता, तर पश्चिमेकडील काही मुलुखासाठी इंग्लंडच्या राजाचा. १३४७ साली, क्रेसीच्या लढाईत फ्रान्सचा दारुण पराभव झाल्यानंतर सुमारे वर्षभराने, बेआर्न ही भूमी आपल्याला ईश्वराकडून मिळालेली असून तिच्यासाठी आपण कोणाही राजापुढे गुडघे टेकणार नाही, अशी भूमिका सोळा वर्षांच्या गास्तोंने घेतली. पुढे १३६४ साली इंग्लंडच्या 'ब्लॅक प्रिन्स'समोर त्याने इतर मुलुखासाठी मांडलिकत्वाची शपथ घेतली. बेआर्नसाठी मात्र साफ नकार दिला. हा नकार त्याने पुढे सत्तावीस वर्षे निभावला.

१३४९ मध्ये नव्हारच्या राजघराण्यातील आन्येस हिच्याशी त्याचा विवाह झाला. आन्येस ही नव्हारचा राजा दुसरा चार्ल्स याची बहीण. कारस्थानांमुळे या चार्ल्सला इतिहासात 'दुष्ट' हे विशेषण कायमचे चिकटले आहे.

प्रशियाची मोहीम आणि लोनाकचा विजय

१३५६ मध्ये फ्रान्सच्या राजाने गास्तोंला काही काळ पॅरिसमध्ये कैदेत ठेवले होते. सुटकेनंतर, १३५७–५८ च्या हिवाळ्यात, तो ट्युटॉनिक सरदारांच्या बाजूने प्रशियातील धर्मयुद्धात लढण्यास गेला. याच प्रवासात नॉर्वे-स्वीडनकडे पाहिलेल्या रेनडिअरचे वर्णन त्याने आपल्या ग्रंथात केले आहे. तेजस्वी रूप आणि सोनेरी केस यांमुळे त्याने ग्रीक सूर्यदेवतेचे 'फेब्यूस' हे नाव धारण केले, ते याच सुमारास. परतीच्या वाटेवर जून १३५८ मध्ये मो या गावी फ्रान्सच्या युवराजाची पत्नी आणि अन्य राजस्त्रिया शेतकऱ्यांच्या उठावात अडकल्या होत्या. गास्तों आणि त्याचा चुलतभाऊ झां द ग्राय्यी यांनी त्यांची सुटका केली. सुटका झाली, पण उठाव करणाऱ्यांची निर्दय कत्तलही झाली. समकालीन सरदारवर्गाने या घटनेतले केवळ शौर्य तेवढे लक्षात ठेवले.

फ्वा आणि आर्मान्याक या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वैर होते. ५ डिसेंबर, १३६२ रोजी लोनाकच्या लढाईत गास्तोंने आर्मान्याकच्या काउंटला त्याच्या अनेक सरदारांसह कैद केले. त्यांच्या सुटकेपोटी मिळालेल्या लाखो फ्लोरिनच्या खंडणीमुळे तो दक्षिण फ्रान्समधील अतिशय धनाढ्य सत्ताधीश झाला. या पैशातून किल्ले बांधले गेले. मोंतानेर येथील विटांचा प्रचंड बुरूज आजही उभा आहे. त्याच पैशातून ओर्तेझचा दरबार आणि तेथील कुत्र्यांचा विख्यात ताफाही पोसला गेला.

पुत्राचा मृत्यू

लोनाकच्या विजयाच्या थोडे आधी, सप्टेंबर १३६२ मध्ये, आन्येसला मुलगा झाला. तोच गास्तोंचा एकमेव औरस पुत्र. त्याचेही नाव गास्तों. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस फेब्यूसने पत्नीला माहेरी पाठवून दिले आणि पुन्हा कधीही परत आणले नाही.

१३८० मध्ये घडलेला प्रसंग इतिहासकार झां फ्रुआसार याच्या वृत्तांतामुळे सर्वत्र ज्ञात झाला. या वृत्तांतानुसार, युवराज नव्हारला आईच्या भेटीस गेला असता मामा चार्ल्सने त्याला एक पूड दिली. ती वडिलांच्या अन्नात मिसळली की त्यांचे मन आईकडे पुन्हा वळेल, असे त्याला सांगण्यात आले होते. पुडीचा सुगावा लागताच फेब्यूसने ती एका कुत्र्याला चारली आणि कुत्रा तत्काळ मेला. मुलाला कोठडीत टाकण्यात आले. त्याने अन्न वर्ज्य केले. संतापाने कोठडीत शिरलेल्या पित्याच्या हातातील लहानशा चाकूचे टोक मुलाच्या गळ्यात लागले आणि तो मरण पावला.

हा मृत्यू अपघात होता ही फ्रुआसारची मांडणी सर्व अभ्यासकांना मान्य नाही. अठरा वर्षांचा, विवाहित युवराज पुडीचा अर्थच न कळण्याइतका अजाण असेल, हेही सहज पटण्याजोगे नाही. बेआर्नमधील काही असंतुष्ट मंडळी या कटात सामील असावीत, असा तर्क केला जातो. निश्चित आहे ते एवढेच, की पुत्राचा मृत्यू पित्याच्या हातून झाला आणि राज्याला औरस वारस उरला नाही. फेब्यूसने रचलेला प्रार्थनांचा संग्रह या घटनेनंतरच्या पश्चात्तापातून लिहिला गेला, असे मानले जाते.

'लिव्र द शास'

१ मे, १३८७ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, फेब्यूसने हा ग्रंथ लिहावयास घेतला आणि बर्गंडीचा ड्यूक फिलिप याला तो अर्पण केला. त्याची मातृभाषा ऑक्सितान असतानाही ग्रंथ फ्रेंचमध्ये आहे. प्रस्तावनेत तो सांगतो की शस्त्र, प्रेम आणि शिकार या तीन गोष्टींत आपण आयुष्यभर रमलो. पहिल्या दोहोंत आपल्याहून श्रेष्ठ गुरू पुष्कळ झाले, परंतु तिसऱ्या विषयात मात्र तो कोणाला गुरू मानण्यास तयार दिसत नाही.

ग्रंथाच्या आरंभी हरीण, रानडुक्कर, अस्वल, लांडगा, ससा, पाणमांजर आदी प्राण्यांच्या सवयींचे वर्णन आहे. त्यानंतर कुत्र्यांच्या जाती, त्यांचे आजार व निगा, मग शिकाऱ्याचे शिक्षण आणि प्रत्यक्ष शिकार असा क्रम येतो. शेवटी जाळी व सापळ्यांची माहिती आहे. ती मात्र लेखकाने काहीशा नाखुशीने दिली आहे. जनावराला पळण्याची संधी देऊन, कुत्र्यांच्या बळावर केलेली शिकार हीच त्याच्या मते खरी शिकार होय.

शिकाऱ्याची घडण

फेब्यूसच्या मते शिकारी घडवायचा तर सातव्या वर्षापासून सुरुवात करावी. हे वय फार लहान आहे, असा आक्षेप तो स्वतःच उपस्थित करतो. आजकालची सात वर्षांची मुले आवडीचा विषय असेल तर आपल्या काळच्या बारा वर्षांच्या मुलांपेक्षा चटकन शिकतात, असे त्यावर त्याचे उत्तर आहे. या मुलाच्या हाती आधी शिंग किंवा भाला द्यायचा नाही. ताफ्यातील प्रत्येक कुत्र्याचे नाव आणि रंग त्याने पाठ करायचा. श्वानशाळा झाडायची, पेंढा बदलायचा, पाणी भरायचे. रात्री कुत्रे आपसांत भांडू नयेत म्हणून त्याने त्यांच्यासोबतच झोपायचे. अशी सात वर्षे गेल्यावर तो चौदाव्या वर्षी कुत्र्यांचा सेवक होतो आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास शिकाऱ्याचा साहाय्यक. म्हणजे घोड्यावर बसून जनावरामागे धावण्याचा अधिकार मिळण्यापूर्वी तेरा वर्षे कुत्र्यांच्या सहवासात घालवायची.

या काळात तो जंगल वाचायला शिकतो. खुराच्या ठशाची रुंदी व खोली, झाडाच्या सालीवर शिंगे घासल्याच्या खुणा, मोडलेल्या फांद्यांची उंची, विश्रांतीच्या जागी दबलेले गवत यांवरून नर कोणता, त्याचे वय किती आणि तो शिकारीयोग्य आहे की नाही, हे त्याला ओळखता आले पाहिजे. शिकारीच्या दिवशी पहाटे तो दोरीने बांधलेला, न भुंकता माग काढणारा एक कुत्रा घेऊन निघतो. हरणाच्या लेंड्या शिंगाच्या पोकळीत गवत घालून जपून आणतो आणि सर्व शिकारी जमतात त्या ठिकाणी धन्यापुढे ठेवतो. त्यांचा आकार व घट्टपणा पाहून कोणत्या हरणाचा पाठलाग करायचा ते ठरते. सरदारांच्या न्याहारीच्या कापडावर लेंड्या मांडून चाललेली ही चर्चा आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. पण दिवसभराच्या शिकारीचे यशापयश या निर्णयावरच अवलंबून असे.

उत्तम ताफ्याची कसोटी

कुत्र्यांच्या पाच जातींचे वर्णन ग्रंथात येते. बलदंड व धोकादायक आलां, वेगवान ग्रेहाउंड, वासावर धावणारे माग-कुत्रे, पक्ष्यांच्या शिकारीत उपयोगी पडणारे स्पॅनियल आणि राखणीचे मास्तिफ. फेब्यूसचे मन रमते ते माग-कुत्र्यांत. ग्रेहाउंड डोळ्यांनी पाहून धावतो, त्याची शिकार क्षणात आटोपते. माग-कुत्रा मात्र दिवसभर नाकाने विचार करतो, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे.

चांगल्या ताफ्याची त्याची कसोटी वेग ही नाही. पाठलाग होत असलेले हरीण सरळ पळत नाही. ते आल्या वाटेने मागे फिरते, ओढ्यातून चालत जाऊन वास तोडते, कळपात शिरते, प्रसंगी दुसऱ्या हरणाला त्याच्या जागेवरून उठवून स्वतः तेथे दबा धरून बसते. अशा वेळी ताज्या दमाच्या नव्या हरणामागे जो धावतो तो कुत्रा कितीही चपळ असला तरी कामाचा नाही. सकाळी ज्याचा माग धरला त्याच थकलेल्या जनावराचा वास शेकडो वासांतून निवडून जो सोडत नाही, तो खरा. काही कुत्रे हरीण कळपात मिसळताच मुके होतात, सावधपणे माग काढत राहतात आणि ते वेगळे झाल्यावरच पुन्हा साद देतात. अशांची तो विशेष वाखाणणी करतो. भुंकण्याचा अर्थ खरा असावा, कारण झाडीत कुत्रे दिसत नाहीत आणि शिकारी केवळ आवाजावर विसंबून असतो. एका लबाड कुत्र्याच्या खोट्या सादेने सारा ताफा भरकटू शकतो.

हे गुण उपजत असले तरी टिकवावे लागतात. म्हणून श्वानशाळेचे वर्णन लेखक वाडा बांधणाऱ्याच्या काटेकोरपणे करतो. लाकडी फरशी जमिनीपासून फूटभर उंच, उन्हाळ्यात गारवा व हिवाळ्यात ऊब राहावी म्हणून वर माळा, उन्हासाठी मागे अंगण, सांडपाण्याला मोऱ्या, भिजून आलेल्या कुत्र्यांना शेकण्यासाठी शेकोटी. कुत्र्यांना दररोज बाहेर फिरवून गवत खाऊ द्यावे, कारण आपले औषध ते स्वतःच शोधतात. पिसाळणे, खरूज, डोळ्यांचे व पायांचे विकार यांवरील उपचारही दिले आहेत. त्यांतील बरेचसे आज निरुपयोगी आहेत, परंतु आजारी कुत्र्याला वेगळे ठेवण्याची सूचना आजही योग्यच ठरेल. हरीण पडल्यावर त्याच्या कातड्यावर रक्तात भिजवलेली भाकर व आतडी मांडून कुत्र्यांना त्यांचा वाटा तेथेच द्यायचा. कोणत्या श्रमाचे हे फळ, हे त्यांना कळले पाहिजे.

कुत्र्याची निष्ठा, स्मरणशक्ती आणि समज यांचे वर्णन करताना लेखकाची लेखणी एरवी नसलेली हळवी होते. कुत्र्यात मोठा दोष एकच, तो म्हणजे त्याला पुरेसे आयुष्य लाभत नाही, असे तो म्हणतो. पुत्राचा मृत्यू होऊन सातच वर्षे झालेल्या माणसाने हे लिहिले आहे.

अखेरची वर्षे व मृत्यू

१३८८ च्या हिवाळ्यात फ्रुआसार भेट म्हणून चार ग्रेहाउंड घेऊन ओर्तेझला आला. मध्यरात्री मशालींच्या उजेडात चालणारी भोजने आणि सोळाशेच्या घरातील कुत्रे यांचे वर्णन त्याने केले आहे. आकडा फुगवलेला असू शकतो. औरस वारस नसल्याने १३९० मध्ये फेब्यूसने मोठ्या रकमेच्या मोबदल्यात आपले राज्य मृत्यूनंतर फ्रान्सच्या राजाकडे जावे असा करार केला. प्रत्यक्षात ते त्याचा नातलग माथ्यू द कास्तेलबों याला मिळाले. अनौरस पुत्र इव्हें हा १३९३ मध्ये पॅरिसच्या राजदरबारातील नृत्यप्रसंगी लागलेल्या आगीत भाजून मरण पावला.

१ ऑगस्ट, १३९१ रोजी सोव्हतेर-द-बेआर्नजवळच्या रानात अस्वलाची शिकार करून फेब्यूस भर उन्हातून ओरियों या गावी भोजनासाठी आला. हात धुण्यासाठी पाणी घालताच तो कोसळला आणि थोड्याच वेळात त्याचा अंत झाला.

ग्रंथाचा प्रसार

'लिव्र द शास'च्या चाळीसहून अधिक हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत. इंग्लंडमध्ये यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १४०६ ते १४१३ दरम्यान 'द मास्टर ऑफ गेम' हा ग्रंथ रचला; त्याचा बहुतांश भाग फेब्यूसच्या ग्रंथाचा अनुवाद असून इंग्लंडमधील शिकारपद्धतीवर काही प्रकरणे एडवर्डने स्वतः जोडली आहेत. १४१५ मध्ये अझँकूरच्या लढाईत तो फ्रेंचांविरुद्ध लढताना मारला गेला. सोळाव्या शतकात ग्रंथ पॅरिसमध्ये छापला गेला आणि पुढील फ्रेंच शिकारग्रंथकारांनी त्यातून मुक्तपणे उसनवारी केली.

सर्वांत प्रसिद्ध प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी तयार झालेल्या या प्रतीत ८७ लघुचित्रे आहेत. त्यांतील एका चित्रात श्वानशाळेतील सेवक कुत्र्यांचे दात तपासताना, कान पाहताना आणि थकलेले पाय धुताना दाखवले आहेत.