स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेला माणूस

गेल्या वर्षी आमचे आजोबा वारले. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे पुस्तकांची लोखंडी पेटी. तिसऱ्या दिवशी बाबांनी ती उघडली, तेव्हा आगरकरांच्या निबंधांच्या जीर्ण प्रतीत घडी घालून ठेवलेला एक कागद सापडला. आपल्यामागे दहावे-तेरावे करू नये, पिंड ठेवू नयेत, असे त्यात लिहिले होते. बाबांनी त्याप्रमाणे वागायचे ठरविले. आजी काहीच बोलली नाही. दहाव्या दिवशी मात्र तिने मूठभर भात शिजवून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत ती उभी राहिली. वडिलांच्या शब्दाचा हा अपमान आहे, असे म्हणून बाबा रागावले. संध्याकाळी आजीने मला जवळ बोलावून विचारले, की ज्या आगरकरांचे नाव तुझे आजोबा जन्मभर घेत होते, त्यांची बायको घरात काय करीत होती?

मला उत्तर देता आले नाही. परीक्षेपुरते आगरकर मी वाचले होते. त्यात त्यांच्या बायकोवर प्रश्न येत नसे. मग मी ग्रंथालयातून त्यांची चरित्रे आणून वाचू लागलो.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. कऱ्हाडला कचेरीत उमेदवारी करून, रत्नागिरीला आणि अकोल्याला नातलगांच्या व शिक्षकांच्या आधाराने त्यांनी शिक्षण घेतले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगात घालायला एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असे सांगतात. तिथेच त्यांची टिळकांशी मैत्री जमली. दोघेही एकाच वर्षी, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले. एम. ए. होऊ घातलेल्या मुलाकडून आईने मोठ्या पगाराची आशा धरावी, यात नवल नव्हते. परंतु त्यांनी तिला पत्र लिहून ती आशा सोडायला सांगितले. पोटापुरते मिळवून बाकीचे आयुष्य लोकांसाठी वेचायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरविले होते.

पुढचा इतिहास आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये निघालेला ‘केसरी’ आणि त्याचे पहिले संपादकपद, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. सुटून पुण्याला परतताना त्यांची गाडी आमच्या मुलुंडवरूनच गेली असणार, असा विचार रोज लोकलची वाट पाहताना माझ्या मनात येतो. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. मेलेल्या बापाचे भूत पाहणाऱ्या आणि मरणानंतर काय या शंकेपाशी अडखळणाऱ्या राजपुत्राचे ते नाटक. पंचविशीतल्या आगरकरांनी नेमके तेच निवडावे, याला मी तरी योगायोग मानत नाही.

मरणानंतर काय, याविषयी आगरकरांचे स्वतःचे मत काय होते? लोक त्यांना नास्तिक म्हणत. अभ्यासक अज्ञेयवादी म्हणतात, आणि तेच अधिक बरोबर वाटते. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. ज्या गोष्टीचा पुरावा मिळू शकत नाही तिच्याविषयी ठामपणे बोलू नये, आणि तिच्या नावाने दुसऱ्यावर जुलूम तर मुळीच करू नये, ही त्यांची भूमिका. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवांच्या कल्पनेचा माग रानटी अवस्थेतील माणसापर्यंत नेला आहे. स्वप्नात मेलेली माणसे दिसतात, त्यावरून ती कुठेतरी आहेत असे त्या माणसाला वाटले. मग त्यांची भीती, मग पूजा, असा तो विचार आहे. स्वर्गनरकाचे भय आणि आमिष या दोन्हींवाचून माणूस नीतीने वागू शकतो, असा त्यांना विश्वास होता.

मते जुळेनात म्हणून १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या दसऱ्याच्या सुमारास ‘सुधारक’ सुरू केला. बालविवाह, अस्पृश्यता, विधवांचे केशवपन यांवर त्यांनी इतके कडक लिहिले, की पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यांची प्रेतयात्रा काढली. ते जिवंत असताना! ती त्यांच्या दारावरून नेली असे सांगतात. मेल्यानंतर आपले काय होते हे कोणाला दिसत नाही. आगरकरांना ते आधीच दाखविण्यात आले. ते डगमगले नाहीत, लिहीत राहिले.

आता आजीचा प्रश्न. आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. देवधर्म, व्रतवैकल्ये त्या करीत, आणि आगरकर त्यांना कधी आडवे गेले नाहीत. देवावर लेखणी चालविणारा हा माणूस घरच्या देव्हाऱ्याला हात लावीत नसे. हा दुबळेपणा, अशी टीका त्यांच्यावर होऊ शकते, आणि वाचता वाचता मीही एकदा तसेच म्हटले. परंतु विचारस्वातंत्र्य हे तत्त्व असेल तर ते बायकोलाही लागू पडते. पटल्याखेरीज कोणी काही सोडू नये, असे मानणाऱ्याने आपल्या धाकाने तिला सोडायला लावणे, म्हणजे एका धाकाच्या जागी दुसरा धाक आणणे होय.

दम्याने त्यांना तरुणपणापासूनच ग्रासले होते. १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल होते. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. आपल्या अंत्यविधीला लागतील तेवढे पैसे त्यांनी पुडीत बांधून वेगळे ठेवले होते, असे चरित्रकार सांगतात. ज्यांच्याशी इतका वाद झाला त्या टिळकांनीच ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला.

त्या पुडीपाशी मी बराच वेळ थांबलो. परलोक मानणारा माणूस काही हिशेब तिकडे पुढे ढकलू शकतो. न मानणाऱ्याला ती सोय नाही. त्याचे सारे देणे इथेच फेडायचे असते. आणि मरणानंतर काय, हा प्रश्न आगरकरांनी टाकून दिला होता असेही नाही. त्यांनी तो जिवंत राहणाऱ्यांच्या बाजूने विचारला. नवरा मेला, तो कुठे गेला याचा शोध लागणार नाही. पण मागे राहिलेल्या बाईचे केस आज कोण कापणार आहे, तिला कोणत्या कोपऱ्यात बसविणार आहेत, हे तर डोळ्यांना दिसते! केशवपनावरचे त्यांचे लेख मी या दृष्टीने पुन्हा वाचले. मृत्यूविषयीचे त्यांचे खरे लेखन तेच आहे.

तेव्हा मला आजोबांचा कागद आठवला. बाबांकडून मागून घेऊन मी तो पुन्हा वाचला. खाली, पेन्सिलीने, आणखी एक ओळ होती: आजीचे कुंकू आणि बांगड्या यांना कोणी हात लावू नये. बाबांनी ती वाचली होती, मीही वाचली होती. पण कागद सापडला तिसऱ्या दिवशी, आणि नात्यातल्या बायकांनी आजीचे कपाळ पहिल्याच दिवशी पुसले होते. होऊन गेलेल्या गोष्टीचे आता काय, म्हणून आम्ही ती ओळ सोडून दिली आणि पिंडाच्या ओळीसाठी भांडत बसलो. कठड्यावरच्या भाताने आजोबांच्या शब्दाचा अपमान झाला नव्हता. तो त्याआधीच आमच्या हातून झाला होता.

मी आजीला यशोदाबाईंचे सांगितले आणि कागदही वाचून दाखविला. तिने ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग ती उठून कामाला लागली.

पुढच्या महिन्यात वर्ष होईल. बाबा श्राद्ध करणार नाहीत. आजी भात ठेवील, आणि बाबा या वेळी काही बोलणार नाहीत असे वाटते. तिने अजून कुंकू लावलेले नाही. डबी मात्र तिने कपाटातून काढून आरशाजवळच्या फळीवर, हाताला लागेल अशी ठेवली आहे.