पाळक ओबर्लीन आणि डोंगरातली लेकरे

ज्या पाळकाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्याने एकाच डोंगरी मंडळीची एकोणसाठ वर्षे सेवा केली, आणि तिच्याच भूमीत देह ठेविला. जॉन फ्रेडरिक ओबर्लीन ह्यांचे नाव रस्ते, पूल व शेतीची सुधारणा ह्यांमुळे दूरवर गाजले. परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी झाले. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ते काम पाळकाच्या बुद्धीतून प्रथम निघाले नाही. ते एका शेतकऱ्याच्या मुलीच्या घरी आधीच चालू होते. पाळकाचा मोठेपणा हा की, त्याने ते पाहिले व ओळखले.

ओबर्लीन ह्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी आल्सास प्रांतातील स्ट्रासबुर्ग शहरी झाला. तो प्रांत फ्रान्सच्या राज्यात होता, तरी शहरात बोलभाषा व धर्मोपदेशाची भाषा जर्मन असे. वडील शिक्षक होते. वडील बंधू पुढे प्राचीन विद्येचे नामांकित पंडित झाले. ओबर्लीन ह्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि काही काळ एका शस्त्रवैद्याच्या घरी मुलांस शिकविले. तेथे त्यांना औषधोपचाराचेही थोडे ज्ञान मिळाले. ते पलटणीचे पाळक होण्याच्या बेतात असता, १७६७ साली स्टुबर नावाचे पाळक त्यांच्या भेटीस आले. स्टुबर ह्यांना डोंगरातील आपली मंडळी सोडून शहरात जावे लागत होते, आणि आपल्या मागे तेथे राहील असा माणूस ते शोधीत होते. असे सांगतात की, माळ्यावरच्या लहानशा खोलीत कागदाचे पडदे लावून राहणारा हा तरुण पाहताच, गरिबीस न भिणारा आपला माणूस सापडला अशी त्यांची खात्री झाली.

ती मंडळी व्होज पर्वतात होती. त्या खोऱ्यास फ्रेंच भाषेत बां दे ला रोश व जर्मन भाषेत स्टाइनटाल, म्हणजे दगडांचे खोरे, म्हणत. आणि नावाप्रमाणेच ते होते. वाल्डर्सबाख, फूदे, बेलमों, बेलफॉस व सोलबाख ही पाच गावे मिळून एक मंडळी. सभोवारचे डोंगर सुमारे ११०० मीटरपर्यंत चढलेले, हिवाळा लांब व कडक, माती पातळ. १६१८ ते १६४८ पर्यंतच्या युद्धाने हा मुलूख उजाड झाला होता, व पुढे शंभर वर्षे लोटली तरी तो नीट सावरला नव्हता. लोक आपली वेगळीच बोली बोलत. ती ना शहराच्या जर्मन लोकांस कळे, ना पुस्तकी फ्रेंच जाणणारास. शाळेची दशा अशी सांगतात की, स्टुबर प्रथम आले तेव्हा गावचा शिक्षक म्हणून एक अंथरुणास खिळलेला म्हातारा त्यांना दाखविण्यात आला. तो पूर्वी गावची डुकरे राखीत असे. ते काम वयामुळे होईना, म्हणून त्याला मुले राखावयास दिली होती! स्टुबर ह्यांनी शिक्षक तयार केले, वाचनास पुस्तके आणिली, आणि पाया घातला. त्या पायावर ओबर्लीन ह्यांना बांधावयाचे होते.

प्रथम पाळकास प्रीतीपेक्षा विरोधच अधिक मिळाला. नवी शाळा बांधावयाची म्हटली तर तिचा खर्च आपल्या माथी बसेल म्हणून गावकरी भ्याले. तेव्हा, गावावर भार पडणार नाही असे पाळकाने लिहून दिले, आणि शहरातील मित्रांकडून पैसा गोळा केला. रस्त्याचीही तीच गोष्ट. ह्या गावांतून बाहेर पडावयास चांगली वाट नव्हती. ब्रूश नदी ओलांडणे पावसाळी दिवसांत धोक्याचे असे, आणि त्यामुळे माल बाजारात नेणे किंवा अवजार विकत आणणे कठीण होई. पाळकाने रस्ता करण्याचे सुचविले तेव्हा लोकांनी हे होणे नाही म्हणून माना हलविल्या. मग पाळक स्वतः खांद्यावर कुदळ टाकून निघाले. त्यांना खडक फोडताना पाहून एकामागून एक माणसे आली. सुरुंग लाविले, दरडीस आधाराच्या भिंती घातल्या, नदीवर पूल बांधिला. त्या पुलास प्रीतीचा पूल असे नाव पडले. आठवडाभर कुदळ मारणारा हा माणूस रविवारी व्यासपीठावरून बोले, तेव्हा त्याचे ऐकणे लोकांस सोपे जाऊ लागले ह्यात नवल नाही.

त्यांनी बटाट्याचे चांगले बियाणे आणविले, गवताच्या व जवसाच्या नव्या जाती पेरावयास लाविल्या, खत साठविण्याची रीत शिकविली, फळझाडांच्या कलमांची बाग केली. दृढीकरणास येणाऱ्या मुलामुलींनी झाडे लाविली आहेत की नाही हेही ते विचारीत. होतकरू मुलांस गवंडी, लोहार, सुतार अशा धंद्यांचे शिक्षण घ्यावयास बाहेर पाठवून, ते परत येऊन गावातच काम करतील अशी तजवीज केली. सुईणींस शिक्षण दिले. अवजारे लोकांस उधारीवर मिळावी व सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून एक लहानशी कर्जपेढी काढिली. जो वेळेवर फेडी त्यालाच पुढे पुन्हा मिळे. स्वतःच्या मिळकतीतून ते एक नव्हे तर तीन दशमांश वेगळे काढीत. एक देवाच्या उपासनेसाठी, एक लोकोपयोगी कामासाठी, एक गरिबांसाठी.

परंतु आईबाप शेतात किंवा चरख्यापाशी गुंतले असता घरची लहान मुले काय करीत? शाळेत जाण्याइतकी ती मोठी नव्हती, आणि एकटी सोडण्याइतकी शहाणी नव्हती. ती थंडीत उंबरठ्यावर बसत, विस्तवाशी खेळत, किंवा थोरल्या भावंडाच्या कडेवर दिवस काढीत; आणि ते थोरले भावंड त्यापायी शाळेला मुके. हे दुःख बेलमों गावच्या सारा बान्झे नावाच्या शेतकरी कन्येने पाहिले. तिचा जन्म १७४५ सालचा. स्टुबर ह्यांच्या शिक्षणाने ती सुधारली होती. ती आसपासच्या मुलांस आपल्या घरी जमवून विणकाम शिकवू लागली. त्या काळी त्या गावांत सुयांवर विणणे कोणास ठाऊक नव्हते. ह्यात पैसा नाही म्हणून तिच्या वडिलांस हे पसंत नव्हते. ओबर्लीन ह्यांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी तिला नुसती शाबासकी दिली नाही. १७७० च्या सुमारास तिला वेतन देऊन ह्याच कामावर नेमिले. बापाची हरकत अशा रीतीने सुटली. मुलीची सेवा फुकट असावी असे पाळकानेही मानिले नाही, हे आम्ही आमच्या वाचकांच्या विशेष नजरेस आणितो.

मग दुसऱ्या गावांतही अशा स्त्रिया नेमण्यात आल्या. त्यांस फ्रेंच भाषेत लहानग्यांच्या वाटाड्या अशा अर्थाचे नाव होते. त्यांस तयार करण्याचे काम पाळकाची पत्नी मादलेन सालोमे हिने आवडीने केले. गावात एक शेगडीची ऊबदार खोली घ्यावयाची, तीत मुले जमवावयाची. थोरली मुले विणीत, धाकटी खेळत. विणताना वाटाडी गोष्ट सांगे, गाणे शिकवी, चित्रे दाखवी. हवा चांगली असली की मुलांस रानात नेऊन झाडाफुलांची नावे सांगे. नकाशावर प्रथम आपले गाव, मग खोरे, मग देश, असे ती क्रमाने दाखवी. शिक्षा करण्यापेक्षा ममतेने वळविण्याकडे कल असे. आज आपण ज्यास बालवाडी म्हणतो तिचेच हे रूप होय, आणि ते फ्रोबेल ह्यांच्या १८३७ सालच्या प्रसिद्ध संस्थेच्या साठ-पासष्ट वर्षे आधीचे आहे.

सारा बान्झे १७७४ साली, तिशी गाठण्यापूर्वीच, निवर्तली. १७८३ च्या आरंभी मादलेनही लहान मुले मागे टाकून देवाघरी गेली. आता घर व काम दोन्ही कोण सांभाळणार? त्या वेळी पाळकगृहात बेलफॉसची लुईज शेप्लर नावाची मोलकरीण होती. तिचा जन्म १७६३ चा. पंधरा-सोळा वर्षांची असता ती नोकरीस आली होती. आई गेलेल्या त्या लेकरांची ती आई झाली, आणि पाचही गावांच्या वाटाड्या स्त्रियांची पुढारीण झाली. बर्फातून ती गावोगाव जाई, आणि शेगडी पेटली की नाही, मूल आजारी तर नाही ना, हे पाही. १७९३ साली तिने पाळकास लिहून कळविले की, यापुढे मला पगार नको, मला आपल्या घरची लेक समजा. तेव्हापासून ती त्या घरची लेक म्हणून राहिली.

तेच वर्ष फ्रान्स देशास घोर गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत ओबर्लीन ह्यांचा ज्येष्ठ पुत्र सैन्यात असता पडला. पुढे सार्वजनिक उपासनाच बंद झाली. पाळकाने सरकारी हुकुमाप्रमाणे नागरिकांची सभा भरविली, आणि तीत सद्वर्तन, बंधुप्रेम व गरिबांची काळजी ह्यांविषयीच बोलत राहून आपला कळप विखुरू दिला नाही. जुलै १७९४ मध्ये त्यांना पकडून सेलेस्ता गावी नेले; परंतु त्याच सुमारास रोब्सपियेर ह्याचा पाडाव झाला व ते सुटले. विलक्षण असे की, थोड्याच आठवड्यांत पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने शिक्षणाच्या व फ्रेंच भाषेच्या प्रसाराबद्दल त्यांचा सन्मानपूर्वक उल्लेख केला.

येथे एक उणेही सांगितले पाहिजे. मुलांस फ्रेंच यावी म्हणून शाळेत त्यांची घरची बोली बोलू देत नसत. फ्रेंच भाषेने त्यांना बाजाराची व विद्येची वाट मोकळी झाली हे खरे. परंतु आईच्या तोंडची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेविल्याने काय गमावते, हे आज आपण अधिक जाणतो. सत्पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याची चूक झाकणे हा त्याचा मान नव्हे.

इंडोनेशियातील तांबोरा पर्वताचा १८१५ साली स्फोट झाल्याने पुढील वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही, व १८१६-१७ साली मोठा दुष्काळ पडला. तो ह्या खोऱ्यासही जाणवला. पण लोकांपाशी आता रस्ता होता, धंदा होता, व एकमेकांस मदत करण्याची सवय होती. १८१८ साली पॅरिसच्या राजकीय कृषिमंडळाने ओबर्लीन ह्यांना सुवर्णपदक दिले, व १८१९ साली त्यांना लीजन ऑफ ऑनर हा मान मिळाला. गावकऱ्यांचा मान मात्र साधा होता. ते त्यांना बाबा ओबर्लीन म्हणत. १ जून १८२६ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले. फूदे येथे त्यांची कबर आहे. अंत्यविधीस भोवतालच्या कॅथोलिक गावांचे लोकही आले होते. पुढे १८३३ साली अमेरिकेतील ओहायो संस्थानात निघालेल्या एका विद्यालयास त्यांचेच नाव देण्यात आले.

मरतेवेळी पाळकापाशी ठेवण्याजोगी संपत्ती नव्हती. लुईजला आपल्या मुलांच्या हाती सोपवून ते गेले. मुलांनी तिला बहिणीप्रमाणे वाटा देऊ केला, तो तिने घेतला नाही. १८२९ साली फ्रेंच विद्वत्सभेने सद्गुणाबद्दलचे मोंतियों पारितोषिक, ५००० फ्रँक, ह्या मोलकरणीस दिले. १८३७ साली ती मरण पावली.

ह्या चरित्रावरून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. आमच्या डोंगरी व खेड्यांतील मंडळ्यांस वाटते की, मोठा पैसा व शहरचा शिकलेला माणूस येईल तेव्हा काम होईल. वाल्डर्सबाख येथे शहरचा शिकलेला माणूस आला खरा. परंतु लेकरांचे काम त्याच्या येण्याची वाट पाहत थांबले नव्हते. ते एका घरी, दोन सुया व लोकरीच्या गुंड्यासह सुरू झाले होते. आपल्या गावी शेजारच्या चार मुलांस ओट्यावर घेऊन बसणारी कोणी बहीण असेल. पंचांनी व पाळकांनी तिचे घर प्रथम शोधावे, तिच्या श्रमाचे मोल द्यावे, आणि तिच्या खोलीत थंडीच्या दिवसांत विस्तव आहे की नाही, हे जाऊन पाहावे.