तलवारीच्या धारेपासून तंबोऱ्याच्या जवारीपर्यंत : मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर

आमच्या मसुरे गावात भजनाची पेटी आहे, दशावतारातला मृदंग आहे, पण तंबोरा तसा क्वचितच दिसतो. गावातल्या एका घरात माळ्यावर एक जुना तंबोरा पडून होता. भोपळ्याला तडा गेलेला, खुंट्या सैल झालेल्या. कोकणातली दमट हवा या वाद्याला मानवत नाही. तो दुरुस्त करायचा म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, मिरज. मग फोंडाघाट चढून, कोल्हापूरमार्गे आम्ही तो मिरजेला घेऊन गेलो.

तिथे कारागिराच्या दुकानात बसल्यावर जाणवलं, की मिरजेचं नाव आपल्याला ठाऊक आहे, पण ज्या माणसामुळे हे नाव झालं तो आपल्याला ठाऊक नाही. त्या माणसाचं नाव फरीदसाहेब शिकलगार.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा. सैकल या मूळ शब्दाचा अर्थच घासून चकाकी आणणे. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. किल्ला होता, फौज होती, त्यामुळे तलवारी-भाल्यांचं काम भरपूर. पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल बसला आणि फौजा घटत गेल्या. तलवार म्यानातून बाहेरच येईना, तर धार लावायला कोण येणार? कितीतरी घराण्यांची रोजीरोटी अशी बसल्या जागी गेली. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोइनुद्दीन यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहिला.

त्याच काळात पटवर्धनांच्या दरबारात गाणारे-वाजवणारे कलावंत येत होते. वाद्यं उत्तरेकडून आलेली. एखादं बिघडलं, तर दुरुस्तीसाठी एवढ्या लांब पाठवणार कसं? मिरजेत पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं, की अशी बिघडलेली वाद्यं या हुशार हातांच्या शिकलगार भावांकडे आली. त्यांनी ती उघडून पाहिली, नीट केली आणि दुरुस्ती करता करता बांधणी शिकून घेतली. १८५० च्या सुमारास मिरजेतच नवीन वाद्यं तयार होऊ लागली. पुढे धंदाच आडनाव झाला. शिकलगारांचे सतारमेकर झाले.

हे काम सोपं नव्हतं. भोपळा साधा चालत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकणारा, कडू आणि जाड सालीचा भोपळा लागतो. तो वाळवायचा, मग भिजवून कापायचा, आत काड्यांचा टेकू देऊन आकार धरायला लावायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. वरून नक्षी आणि लाखेचं पॉलिश.

मिरजेत एकच वाद्य बनत नाही, अख्खं कुटुंबच बनतं. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा, जवळपास पाच फुटांचा, कारण त्याचा सूर खालचा. बायकांचा तंबोरा लहान, सूर वरचा. सतारवादकाच्या साथीला असते ती आणखी छोटी तंबोरी. तारा बहुधा चार: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. तंबोऱ्याला पडदे नसतात, सतारीला असतात. शिवाय सतारीच्या सहा-सात मुख्य तारांखाली अकरा ते तेरा तरफा, म्हणजे न छेडताही घुमणाऱ्या तारा. सतारीची थोरली बहीण सूरबहार. दोन भोपळ्यांची रुद्रवीणा आणि गजाने वाजणारा दिलरुबा हेही याच गोतातले. दक्षिणेत तंजावरचा तंबोरा फणसाच्या लाकडाचा असतो, त्याला खालचा भोपळाही लाकडाचाच. त्यामुळे त्याचा आवाज वेगळा.

या सगळ्याचा प्राण मात्र जवारीत. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसीने इतका बेताने घासायचा, की तार तिला जेमतेम चाटून जाईल. केसभर जास्त घासलं तर सूर बसतो, कमी घासलं तर कोरडा राहतो. मोजपट्टी इथे काही कामाची नाही, हात आणि कान एवढंच भांडवल. आम्हाला वाटतं, शिकलगाराचा हुनर इथेच कामी आला. पात्याची धार बोटाने ओळखणारा हात घोडीवर आला आणि हत्यार घासणाऱ्यांच्या घरातून सूर निघाला.

फरीदसाहेबांच्या या रोपट्याला मिरजेची जमीनही चांगली मिळाली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले, विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ते स्वतःही वाद्यदुरुस्तीत तरबेज होते. १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं गेलं. उरुसात तिथे आजही त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादन होतं. गाणारा आणि वाद्य घडवणारा एकाच गावात असल्यामुळे मिरजेचं वाद्य सुधारत गेलं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. पण टॅग गावाच्या नावावर मिळतो, हुनर मात्र हातातून हातात जावा लागतो. आता मोबाईलवर तंबोरा वाजतो. घोडी घासत वर्षानुवर्षं बसायला किती मुलं तयार होतील? आणि आपणही बादशहांची, सरदारांची नावं मुलांना सांगतो, अशा कारागिरांची सांगत नाही. रोजी बुडाल्यावर रडत न बसता नवा हुनर उभा करणारा माणूस आपल्याच समाजात होऊन गेला, हे आज कामधंद्याच्या चिंतेत असलेल्या पोरांना कळायला हवं.

आमचा तंबोरा आता मसुऱ्यात परत आला आहे. तडा बुजला, जवारी लागली, चारही तारा पुन्हा बोलू लागल्या. तुमच्याही घरी माळ्यावर असं एखादं वाद्य पडून असेल, तर खाली काढा आणि मिरजेला न्या. जाताना पोरांना सोबत घ्या, आणि वाटेत त्यांना फरीदसाहेबांचं नाव सांगा.